काळ्या ग्रॅनाइटची पट्टी

दोन वर्षांपूर्वी आत्याला घेऊन मी शहराबाहेरील एक ज्येष्ठ निवास पाहायला गेले होते. इमारत नवी होती, कर्मचारी मायेने बोलणारे होते आणि स्वयंपाकघरातून ताज्या फोडणीचा वास येत होता. लिफ्टमधून बाहेर पडल्यावर पांढऱ्या चकचकीत फरशीत फूटभर रुंदीची काळ्या ग्रॅनाइटची पट्टी बसवलेली होती, आणि आत्या तिच्यापाशी येऊन थांबली. तिने डाव्या हाताने निऱ्या उचलल्या, उजव्या हाताने माझे मनगट घट्ट धरले आणि एक पाऊल पुढे टाकून पुन्हा मागे घेतले. "वहिनी, पाणी किती आहे गं?" असे तिने मला विचारले. हल्ली ती मला माझी आई समजते, त्यामुळे माझ्याशी बोलताना "वहिनी" हीच हाक असते. तिथल्या ताईंनी "आजी, फरशीच आहे, या बिनधास्त" असे म्हणून तिचा हात ओढला, तेव्हा ती लहान मुलासारखी रडू लागली.

मी आर्किटेक्ट आहे. अशा काळ्या पट्ट्या मी स्वतः नाशिकमधल्या कितीतरी लॉबींच्या नकाशांत काढल्या आहेत, कारण त्या फरशीला उठाव देतात. त्या भेटीनंतर काही महिन्यांनी एका विश्वस्त मंडळाने गंगापूर रोडच्या आतल्या बाजूच्या वीस गुंठ्यांच्या भूखंडावर स्मृतिभ्रंश झालेल्या चोवीस ज्येष्ठांसाठी निवास उभारण्याचे काम आमच्याकडे दिले. गेले सव्वा वर्ष मी त्याच कामात आहे आणि त्या निमित्ताने जे वाचले, पाहिले आणि आत्याकडून शिकले, ते येथे मांडत आहे.

आपल्याकडे या आजाराला अजूनही "म्हातारचळ" म्हणून बाजूला सारले जाते, आणि "साठी बुद्धी नाठी" ही म्हण तर तोंडावरच असते. परंतु २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठ वर्षांवरील भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोक डिमेन्शियासह, म्हणजे स्मृतिभ्रंशासह जगत आहेत, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. या आजाराच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराला ज्यांचे नाव मिळाले त्या आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ मध्ये आपल्या रुग्ण महिलेच्या मेंदूतील बदल प्रथम मांडले, त्याला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. तरीही विसरणे हेच या आजाराचे सगळे रूप आहे असे आपण धरून चालतो. अंतर, खोली, सावली, प्रतिबिंब यांचा अर्थ लावण्याची मेंदूची ताकदही त्यात कमी होते. त्यात वयाची भर पडते. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. अशा डोळ्यांना आणि अशा मेंदूला गडद पट्टी खड्डा वाटते, चकचकीत फरशी ओली वाटते आणि दारातले काळे पायपुसणे विहिरीच्या तोंडासारखे वाटते. आत्याने पाण्याची खोली विचारली, ती तिच्या डोळ्यांना दिसले त्याच्याशी अगदी सुसंगत होती.

म्हणून आमच्या नकाशात पहिला निर्णय फरशीचा झाला. संपूर्ण मजल्यावर एकाच रंगाची, झळाळी नसलेली, पायाला किंचित खरखरीत लागणारी फरशी असेल आणि खोलीतून ओसरीत, ओसरीतून चौकात जाताना रंगछटा बदलणार नाही. पट्टी नाही, नक्षी नाही, किनार नाही. याउलट जिथे फरक दिसायलाच हवा तिथे तो ठळक असावा लागतो: भिंत आणि फरशी, दार आणि भिंत, कमोडची सीट आणि कमोड, आधाराचा दांडा आणि त्यामागची टाइल. अमेरिकेत बोस्टन येथे २००४ मध्ये झालेल्या एका छोट्या अभ्यासात अल्झायमर झालेल्यांना पांढऱ्याऐवजी गडद रंगाच्या ताटांतून जेवण दिले, तर ते सुमारे पंचवीस टक्के अधिक जेवले. हे वाचल्यावर मी घरी आत्याचा दहीभात पांढऱ्या बशीतून काढून जुन्या पितळी ताटलीत वाढला. ती जेवली. एका दिवसाने काही सिद्ध होत नाही हे मला मान्य आहे, परंतु त्यानंतर पांढरी बशी आमच्या घरात पुन्हा तिच्यासमोर आली नाही.

फरशीने पडणे टळते, पण त्या जागेला घरपण येत नाही, आणि खरा पेच तिथेच आहे. रोज दिवेलागणीच्या सुमारास आत्या कापडी पिशवी घेऊन दारापाशी उभी राहते आणि म्हणते, "वहिनी, मी निघते आता. घरी वाट बघत असतील." ज्या घरी तिला जायचे आहे ते भद्रकालीच्या मागच्या गल्लीतला वाडा होता. तो पडून आता अठरा वर्षे झाली आणि तिथे चार मजली इमारत उभी आहे. संध्याकाळी वाढणारी ही घालमेल या आजारात फार जणांमध्ये दिसते. मावळता उजेड, लांबणाऱ्या सावल्या, दिवसभराचा थकवा आणि शरीराचे बिघडलेले घड्याळ ही त्याची कारणे सांगितली जातात. आमच्या अकराव्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये त्यात खिडकीच्या काचेची भर पडत असे. बाहेर अंधार झाला की त्या मोठ्या काचेत तिचेच प्रतिबिंब उमटे आणि "ती बाई केव्हाची बघतेय" म्हणून ती पदर सावरून बसे. आता आम्ही साडेपाचलाच पडदे ओढतो आणि दिवे लावतो. नव्या इमारतीच्या नकाशात कोठेही जमिनीपर्यंतची काच नाही, आणि बैठकीच्या जागेतील उजेड नेहमीच्या घरापेक्षा दुप्पट ठेवला आहे, मात्र दिव्याचा झोत डोळ्यांवर येणार नाही अशा बेताने.

या विषयावर बोलताना नेदरलँड्समधील होगेवेक या वसाहतीचे नाव निघाल्याशिवाय राहत नाही. अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या वेस्प येथे २००९ मध्ये ती सुरू झाली. सुरुवातीला तिथे तेवीस घरे होती, एकेका घरात सहा-सात जण राहतात, कर्मचारी गणवेश घालत नाहीत, आणि आवारात किराणा दुकान, रेस्टॉरंट, नाट्यगृह, चौक, रस्ते असे सगळे आहे. तिचे कौतुक होते ते त्या "गावा"मुळे. मला मात्र तिथली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. त्या लोकांनी रहिवाशांची घरे त्यांच्या जगण्याच्या रीतीनुसार वेगळी केली होती. सुरुवातीच्या सात प्रकारांत एक घर जुन्या डच वसाहतीशी, म्हणजे इंडोनेशियाशी नाते असलेल्यांचे होते, तर एक हाताने कारागिरी करणाऱ्यांचे होते. घर म्हणजे काय, याचे उत्तर माणसागणिक वेगळे असते हे त्यांनी बांधकामातच मान्य केले.

नाशिकमध्ये ते उत्तर शोधताना मी आमच्या यादीतील कुटुंबांशी बोलले. एक आजोबा नाशिक रोडच्या प्रेसमध्ये आयुष्यभर पाळ्या करून निवृत्त झालेले आहेत आणि अजूनही सकाळचा डबा मागतात. सटाण्याकडच्या एक आजी मुलाबरोबर सिडकोत तीस वर्षे राहिल्या, पण आता त्यांचे बोलणे पूर्णपणे अहिराणीत गेले आहे, आणि नातवंडांना ते निम्मे कळत नाही. नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि आईच्या मांडीवरची भाषा शेवटपर्यंत टिकते, असे या आजारात अनेकदा होते. तेव्हा चोवीस जणांसाठी आखलेल्या तीन घरांपैकी एका घरात अहिराणी बोलणाऱ्या दोन तरी सेविका असाव्यात आणि तिथल्या शेगडीवर कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, मिरचीचा ठेचा सहज व्हावा, हे मी नकाशाबरोबरच्या टिपणात लिहिले आहे. आर्किटेक्टने स्वयंपाकाविषयी लिहावे का, असे एका विश्वस्तांनी विचारले. माझ्या मते लिहावेच, कारण स्वयंपाकघर कोठे आणि किती मोठे, हे त्यावरच ठरते.

याच मुद्द्यावर आमची सर्वांत लांब चर्चा झाली. चोवीस जणांसाठी तळमजल्यावर एकच मोठे भोजनगृह केले असते तर बांधकामाचा आणि मनुष्यबळाचा खर्च बराच वाचला असता, हे हिशेबाने खरे आहे. परंतु आठ जणांच्या प्रत्येक घरात उघडे स्वयंपाकघर असेल तर कांद्याची फोडणी पडल्याचा वास हेच जेवणाच्या वेळेचे घड्याळ होते. भिंतीवरचे घड्याळ वाचता न येणाऱ्या माणसालाही ते कळते, आणि ज्यांची भूक मंदावली आहे ते आपणहून ओट्यापाशी येतात. शिवाय हातांना काम मिळते. आत्याला आज जेवण झाले की नाही हे सांगता येत नाही, पण तिच्यासमोर कापूस ठेवला तर ती मांडीवर वाती वळू लागते, फुलवात वेगळी आणि समईची वात वेगळी, आणि प्रत्येक वात तिच्या बोटांच्या दोन पेरांएवढी भरते. हातांनी शिकलेले मेंदूच्या वेगळ्या कप्प्यात साठते आणि ते फार उशिरापर्यंत शाबूत राहते. मला या साऱ्या कामात सांगण्यासारखे काही सापडले असेल तर ते हेच, की ही इमारत डोक्याला समजण्याआधी हातापायांना ओळखीची असली पाहिजे. अखेर तीन घरांत तीन स्वयंपाकघरे मंजूर झाली. ओट्यावर इंडक्शन शेगड्या असतील, गॅसचा मुख्य कॉक कुलुपात असेल, आणि ओट्याची एक बाजू खाली, बसून शेंगा सोलता येतील एवढ्या उंचीची असेल.

हातापायांच्या ओळखीचा विचार केला की नाशिककराच्या मनात वाडा येतो, आणि विश्वस्तांनाही "वाड्यासारखे काहीतरी" हवे होते. वाड्याविषयी मला जिव्हाळा आहे, पण भाबडेपणा नको असे वाटते. आमच्या वाड्यातला जिना इतका उभा होता की माझी आजी शेवटची सहा वर्षे खाली उतरलीच नाही. माजघरात दुपारीही अंधार असे, आणि संडास परसाच्या टोकाला होता. तेव्हा वाड्याच्या कमानी आणि नक्षीचे खांब आम्ही घेतले नाहीत. घेतला तो त्याचा नकाशा. मध्ये चौक, चौकाभोवती ओसरी आणि ओसरीला लागून खोल्या, अशी रचना असली की लांबलचक कॉरिडॉर लागत नाही. दोन्ही बाजूंना एकसारखी दारे असलेला हॉटेलसारखा कॉरिडॉर या लोकांसाठी सर्वांत वाईट, कारण तो टोकाला जाऊन संपतो आणि तिथे पोहोचलेल्या माणसाला वळायचे सुचत नाही. ओसरीवर चालत राहिले तर माणूस फिरून आपल्याच खोलीपाशी येतो. चालण्याची अस्वस्थ ओढ ज्यांना असते त्यांना कोणी "बसा, बसा" म्हणून अडवावे लागत नाही, आणि स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या ताईंना चौकाच्या चारही बाजू दिसत राहतात. तळमजल्याला चौक आणि वरच्या दोन मजल्यांना तेवढीच मोकळी गच्ची, असा तोडगा एफएसआयच्या, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल त्याच्या, गणितात बसवावा लागला. ज्यांचे पाय सर्वाधिक ओढाळ आहेत ते तळमजल्यावर राहतील.

उंबरठ्याने मला फार छळले. घराचे दार म्हटले की उंबरठा आलाच, आणि आत्या अजूनही कोणत्याही दारातून जाताना पाऊल थोडे उचलते. परंतु इंचभर उंचीचाही अडथळा म्हणजे खुब्याच्या हाडाला आमंत्रण आहे, आणि नुसती पितळी पट्टी बसवावी तर ती पुन्हा काळ्या ग्रॅनाइटचीच बहीण ठरते. शेवटी उंबरठा पूर्ण काढला आणि चौकट मात्र जाड सागवानी, हाताला जाणवेल अशी ठेवली. वर तोरणासाठी दोन खिळे आहेत. प्रत्येक दाराशेजारी भिंतीत एक कोनाडा आहे. त्यात ज्याची खोली त्याची वस्तू राहील: तांबट आळीतला गडू, टोपी, शिवणयंत्राची पेटी, काहीही. फोटो ठेवायचा असेल तर तो तरुणपणचा ठेवावा, असे मी कुटुंबांना सांगते, कारण अनेकांना आजचा आपला चेहरा ओळखू येत नाही, लग्नातला येतो.

न्हाणीघराविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण घरोघरी रोजचा झगडा तिथेच होतो. आमच्या फ्लॅटमध्ये शॉवर आणि एकाच दांड्याचा मिक्सर नळ आहे. तो नळ कसा उघडायचा हे आत्याला आठ वर्षांत अंगवळणी पडले नाही, आणि डोक्यावरून अचानक पडणाऱ्या पाण्याने ती किंचाळत असे. आम्ही तिला आंघोळीची नावड आहे असे समजून चाललो होतो. एके दिवशी नळ बिघडला म्हणून बादलीत पाणी काढून तिच्यापुढे तांब्या ठेवला, तर तिने आधी बोटाने पाणी चाचपले, मग डाव्या खांद्यावर, मग उजव्या खांद्यावर तांब्या ओतला आणि तोंडाने स्तोत्र सुरू केले. नव्या इमारतीत म्हणून फिरवायच्या तोट्यांचे दोन वेगळे नळ आहेत, गरम पाण्याच्या तोटीवर लाल ठिपका आहे, गीझरमधून येणारे पाणी ठरावीक तापमानापुढे जाणार नाही अशी झडप आहे, बसायला घट्ट रोवलेला चौरंग आहे आणि बादली ठेवायला फरशीत खळगा नाही. खोलीतले संडासाचे दार पलंगावर पडल्या पडल्या दिसते, कारण जे दिसत नाही ते त्यांच्यासाठी नसतेच. पूर्ण इमारतीत तेवढी दारे एकाच गडद रंगाची आहेत आणि त्यांवर "संडास" असे लिहिले आहे, साडेतीन-चार फुटांवर, कारण वाकून चालणारी माणसे खाली बघत चालतात. पुरुष-बाईचे ते चित्र आत्याला काहीच सांगत नाही.

आता दाराचा प्रश्न, जो मला अजूनही पूर्ण सुटला असे वाटत नाही. जर्मनीत ड्युसेलडॉर्फ शहराच्या बेनराथ भागातील एका ज्येष्ठ निवासाने २००८ च्या सुमारास आपल्या दारासमोर बसचा थांबा उभारला. तिथे बस कधीच येत नाही. घरी जायला निघालेले रहिवासी त्या ओळखीच्या बाकावर येऊन बसतात, कोणीतरी शेजारी बसून बोलते, आणि काही वेळाने जाण्याची निकड विरून जाते. ज्यांनी हे केले त्यांनी दाराला कुलूप घालण्याऐवजी केले, रस्त्यावर हरवण्यापासून माणसे वाचवली, हे मी जाणते. तरीही मला तो थांबा आमच्या नकाशात काढवला नाही. आत्याला जर कधी क्षणभर लख्ख जाग आली आणि आपण खोट्या थांब्यावर बसलो आहोत हे कळले, तर मी तिच्या डोळ्यांत कशी पाहू, असा विचार मनातून जात नाही.

त्याऐवजी आम्ही नकाशात पार काढला. भूखंडाच्या पुढच्या बाजूला पूर्वीपासून एक पिंपळ आहे. तो तोडायचा नाही ही माझी पहिली अट होती. नाशिककराला पार काय असतो ते सांगावे लागत नाही. नेहरू चौकातल्या पिंपळपारावर दिवाळी पाडव्याच्या पहाटे गाणे ऐकायला आपण थंडीत कुडकुडत बसलेलो असतो. घराचे दिंडी दार आणि आवाराचे फाटक यांच्या मधल्या जागेत हा पार असेल. दिंडी दिवसा उघडी राहील, फाटक मात्र पहाऱ्यात राहील, आणि घरी जायला निघालेला माणूस खरोखरच बाहेर पडून, चप्पल घालून, झाडाखाली येऊन बसेल. फाटक गजांचे आहे, त्यामुळे भाजीची गाडी, शाळेच्या रिक्षा, येणारे-जाणारे दिसतील. आगीच्या वेळी सगळी विद्युतकुलुपे आपोआप सुटतील अशी जोडणी अग्निशमन यंत्रणेला केली जाईल. दुसऱ्या जिन्याचे दार भिंतीच्याच रंगात रंगवले जाईल, म्हणजे ते उगाच बोलावत नाही. ही शेवटची गोष्टही एक प्रकारची लपवाछपवी आहे, याची मला कल्पना आहे. मी ती स्वीकारली, बस थांबा स्वीकारला नाही. फरक कुठे आहे ते मला नीट शब्दांत मांडता येत नाही, पण तो आहे असे ठामपणे वाटते.

रस्ता दिसला पाहिजे, म्हणूनच मी शहरातल्या जागेसाठी आग्रही होते. त्र्यंबक रोडच्या डोंगरपायथ्याशी याच किमतीत चारपट जमीन मिळत होती आणि माहितीपत्रकात ती निसर्गरम्य दिसली असती. पण तिथे मुलगी ऑफिस सुटल्यावर अर्धा तास येऊन जाऊ शकत नाही, जुना शेजारी सायकलवर टेकून हाक मारू शकत नाही. पावसाळ्यात गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पुराचे पाणी लागल्याची बातमी नाशिकमध्ये तोंडातोंडी फिरते. ती बातमी या चोवीस जणांपर्यंत फाटकातून पोहोचली पाहिजे. गेल्या पावसाळ्यात आमच्या भाजीवाल्या मावशींनी ती सांगितली तेव्हा आत्याने विचारले, "नारोशंकराच्या देवळातल्या घंटेपर्यंत गेलंय का?" त्या दिवशी तिला माझे नाव आठवत नव्हते.

मागच्या शनिवारी साइटवर चुन्याची फक्की टाकून लाइन-आउट केले, म्हणजे नकाशा जमिनीवर आखला. आत्याला बरोबर नेले होते. पाराच्या जागी मिस्त्रीने सुट्या विटा रचून ठेवल्या होत्या, आणि मी तिला त्यांच्या वेगवेगळ्या थरांवर बसवून पाहिले. अठरा इंचांवर तिचे पाय अधांतरी राहत होते, पंधरावर उठताना गुडघे धरावे लागले. साडेसोळा इंचांवर ती टेकली, पिशवी मांडीवर घेतली आणि रस्त्याकडे बघत बसून राहिली. मिस्त्रीने तेवढ्यावर खडूने खूण केली.